जो राहील त्याचं मत

मतदानाला दोन महिने उरले असताना आंबेवळणच्या तांबट आळीतल्या हर्षद वडके यांच्या मताचं वजन एकोणचाळीस भरलं, आणि समोरच्या टॉवरमध्ये आठवड्यापूर्वी राहायला आलेल्या एका भाडेकरूच्या मताचं एकसष्ट. वडक्यांनी मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. आकडा हलला नाही. त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली, चपला सरकवल्या आणि थेट नगरपरिषद गाठली.

एकाचं मत एकोणचाळीस आणि दुसऱ्याचं एकसष्ट कसं, हे ज्यांना जुना काळ आठवतो त्यांना सांगायला नको. पण तसे लोक आता फार उरलेले नाहीत, म्हणून सांगायला हवं. पूर्वी गावातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे नगरपरिषद ठरवायची. नकाशावर बाग, शाळा, मैदान असं सगळं रंगवून ठेवलेलं असायचं, आणि सभेच्या शेवटी, निम्मे सदस्य घरी गेल्यावर, ‘ऐनवेळचे विषय’ या सोज्वळ नावाखाली बागेचे दुकानगाळे व्हायचे. लोक वैतागले. मग कायदा झाला की जमिनीचा वापर बदलायचा तर मतदारांची मंजुरी घ्या, एका माणसाला एक मत. ऐकायला हे फार छान होतं. पुढच्या काही वर्षांत प्रत्येक गावाने आपला कचरा डेपो आणि आपला कत्तलखाना गावातल्या सर्वांत लहान वस्तीच्या दारात नेऊन ठेवला, तोही दणदणीत बहुमताने. नगरसेवकांना निदान तोंड लपवावं लागायचं; बहुमताला तीही गरज नव्हती.

या पेचातून वाट काढली ती डॉ. तेजस भालेराव या गणितज्ञाने. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. खाणावळीत जो जितकं जेवतो तितके पैसे देतो. मग एखाद्या निर्णयाची झळ ज्याला जितकी बसणार, तितकं त्याचं मत जड का असू नये? झळ मोजायला त्यांनी ‘नगरछाया’ बनवली. नगरछाया म्हणजे संगणकात सतत चालू असलेली गावाची प्रतिकृती. तिच्यात प्रत्येक घर आहे, रस्ता आहे, दुकान आहे आणि प्रत्येक माणसाची सावली आहे. कुठलाही ठराव आला की नगरछाया दोन भविष्यं हजारो वेळा जगून बघते. एकात ठराव मंजूर झालेला असतो, दुसऱ्यात फेटाळलेला. दोन्हींत तुमची झोप, कमाई, तब्येत, शेजार यांत दर दिवशी किती फरक पडतो ते ती पाहते आणि तुम्ही गावात जितके दिवस राहाल तितक्या दिवसांची बेरीज करते. हा झाला तुमचा झळांक, शून्यापासून शंभरापर्यंत. तुमच्या मताला या आकड्याने गुणायचं, की झालं झळमत.

नगरपरिषदेकडे मग एकच अधिकार उरला, रोखाधिकार. मोजणीत न आलेली एखादी झळ नगराध्यक्षांनी दाखवून दिली, तर निकालानंतरच्या पंधरवड्यात त्यांना ठराव रोखता येई. खरं सांगायचं तर हा अधिकार ठेवला तो खुर्चीचा मान राखायला. तो आजवर कुणीही वापरला नव्हता, कारण मोजणीतून काही सुटतं असं कुणाला वाटतच नव्हतं.

तांबट आळीला तर नाहीच नाही. रस्ता रुंद करायला आळीची एक बाजू पाडायचं घाटत होतं, तेव्हा झळमतानेच ती वाचवली होती. आळीने वर्गणी काढून भालेरावांना हाताने घडवलेला तांब्याचा बंब भेट दिला होता. आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बंब पेटवायचा कुठे, हा विचार देणाऱ्यांनी केला नव्हता आणि घेणाऱ्यानेही बोलून दाखवला नाही.

आता ठराव होता तो आळीचा ‘मिश्र वापर’ काढून तिथे ‘शांत निवासी विभाग’ करण्याचा. तीन बाजूंनी टॉवर उभे राहिले होते आणि सकाळ झाली की आळीत मठारकाम सुरू व्हायचं. तांब्याचं भांडं घडवून झालं की त्यावर एकाला एक लागून हातोडीचे ठोके मारायचे, म्हणजे तांबं कडक होतं आणि चकाकतं. याला मठारणं म्हणतात. ते मुकाट्याने करता येत नाही. शांत विभाग झाला, की सहा महिन्यांत हातोड्या बंद.

“मॅडम, आकडे उलटे लागलेत!” नगराध्यक्षांच्या दालनात शिरताच वडके म्हणाले. चाळीस वर्षं ठोके ऐकून त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे ते जे बोलत ते बाहेरच्या शिपायालाही ऐकू जाई. “त्याचे मला लावलेत नि माझे त्याला.”

नगराध्यक्ष मृण्मयी सबनीस यांनी आकडे पाहिले. त्यांनाही ते उलटेच वाटले. त्यांनी भालेरावांना फोन लावला आणि दोन दिवसांनी डॉक्टर स्वतः आंबेवळणला आले. वडके समोर बसले होतेच.

“आकडा बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“बरोबर कसा? ज्याचा धंदा बुडणार त्याला कमी झळ आणि ज्याची झोपमोड होते त्याला जास्त?” मृण्मयीबाईंनी विचारलं.

“दिवसाची झळ बघाल तर यांचीच मोठी आहे. त्या भाडेकरूच्या दसपट. पण ठराव मंजूर झाला की वर्षभरात आळी उठेल, असं नगरछायेला बहुतेक वेळा दिसतंय. भाडेकरू मात्र वीस-पंचवीस वर्षं राहील. एक वर्ष मोठी झळ, पंचवीस वर्षं लहान झळ. बेरीज तुम्हीच करा.”

“आणि आळी उठल्यावर यांचं काय होतं?”

“दुसऱ्या गावी जातात.”

“म्हणजे झळ थांबते?”

“झळ थांबत नाही हो. मोजणी थांबते. गेलेला माणूस तिथल्या ठरावांच्या मोजणीत येतो, इथल्या नाही.”

“असा कसला नियम केलात तुम्ही?” बाई चिडल्याच.

डॉक्टरांनी वडक्यांकडे पाहिलं. “हे कलम माझं नाही. मी झळ जन्मभराची मोजत होतो, माणूस कुठेही असो. पण मग पुण्याला नाहीतर कॅनडात स्थायिक झालेले जमीनमालक तिथे बसून इथली जड मतं द्यायला लागले. त्याविरुद्ध आंदोलन याच गावातून उठलं. ‘जो राहील त्याचं मत’, अशी घोषणा होती.”

ही घोषणा माइकवरून दिली होती ती हर्षद वडके यांनी. त्या भाषणाची ध्वनिफीत अजून आळीत फिरत असे.

“मी म्हणालो होतो,” वडके म्हणाले, आणि एरवी मोठा असणारा त्यांचा आवाज खाली आला. “पण ते सोडून गेलेल्यांसाठी होतं डॉक्टर. हाकलून लावलेल्यांसाठी नव्हतं.”

“गणिताला गेलेला दिसतो. आपण होऊन गेला की घालवला, हे वेगळं कसं काढायचं, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.”

यानंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते सांगायला नको होतं. पण त्यांना वडक्यांची दया आली, आणि दयेच्या भरात शहाणी माणसं बोलू नये ते बोलून जातात. आकडा काही दगडावरची रेघ नाही, असं ते म्हणाले. ठराव झाला तरी ही माणसं हलणार नाहीत, अशी नगरछायेची खात्री पटली तर आकडा चढेल.

एवढं वाक्य मात्र वडक्यांना पहिल्याच फटक्यात ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी आळी कालिकामातेच्या देवळात जमली आणि शपथ झाली की कुणी दुसरीकडे जागा बघायची नाही, चौकशीसुद्धा करायची नाही. मग आळीला राहण्याचा नुसता उत्साह चढला. ज्यांच्या भिंतींना वर्षानुवर्षं रंग नव्हता त्यांनी रंग काढला. कुणी नवी भट्टी बांधायला घेतली. एकाने मुलीचं लग्न पुढच्या वर्षी आळीतच करायचं ठरवून मांडववाल्याला सांगून टाकलं. यात सोंग किती आणि खरं किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. नगरछाया सगळं पाहत होती. आळीची सरासरी एकोणचाळीसवरून पन्नासवर गेली आणि मग अठ्ठावन्नवर. टॉवरमधल्या मागच्या बाजूच्या फ्लॅटना आवाज फारसा पोचत नसल्याने त्यांचे आकडे मुळातच किरकोळ होते. अठ्ठावन्न टिकले, तर ठराव पडण्याची चांगली शक्यता होती. वडके आळीतून लग्नघरच्या यजमानासारखे हिंडत होते.

तिकडे मृण्मयीबाईंना स्वस्थ बसवेना. हरलीच आळी, तर ही माणसं जाणार कुठे? त्यांनी मंत्रालयात खेटे घालून चाळीस किलोमीटरवरच्या औद्योगिक वसाहतीत तांबटांसाठी शेड मंजूर करून घेतल्या. अट एवढीच की नाव मतदानाआधी द्यायचं आणि ठराव मंजूर झाला तरच शेड ताब्यात मिळणार. बाईंनी हे निव्वळ चांगुलपणाने केलं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर एवढंही केलं नसतं.

वडक्यांची मुलगी ओवी तिशीला आलेली होती. घडवण्यात तिचा हात बापापेक्षा सफाईदार होता आणि हे बाप तिला सोडून सगळ्यांसमोर कबूल करी.

“बाबा, नाव देऊन ठेवायला काय हरकत आहे?” तिने विचारलं. “ठराव पडला तर शेड आपोआप रद्द होते.”

“नाव दिलंस की नगरछायेला कळतं.”

“माझ्या एकटीच्या नावाने असा किती फरक पडणार आहे?”

“देवीसमोर शपथ घेतलीय आपण.”

“शपथ तू घेतलीस. मी मागे उभी होते.” ओवीने हातातलं घंगाळ खाली ठेवलं. “मला एवढंच सांग, हरलो तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही. तू येऊ दिलं नाहीस. इथे ठोके मारता येणार नाहीत आणि तिथे जागा मिळणार नाही. मग मी कुठे बसून काम करू?”

“काय म्हणालीस?” वडके म्हणाले.

त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, हे ओवीला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी मुदत संपायच्या जरा आधी ओवीने मोबाइलवरून नाव दिलं. आपण आळीचा घात करतोय, असं तिला वाटत होतं आणि त्याचं तिला मनापासून वाईटही वाटत होतं. तिला ठाऊक नव्हतं की शेजारच्या पोटफोड्यांनी सकाळीच नाव दिलंय. पोटफोड्यांना ठाऊक नव्हतं की समोरच्या करड्यांनी त्याच्याही आधी दिलंय. लग्नाचा मांडव सांगितलेल्या गृहस्थाने तर दोन नावं दिली होती, एक स्वतःचं आणि एक होणाऱ्या जावयाचं. प्रत्येकाने आपापल्या घरात, दार लोटून, हाच हिशेब केला होता की आपल्या एकट्याने काय होतंय.

आळीची सरासरी बावीसवर आली.

वडक्यांनी आकडा पाहिला आणि ते बाहेर ओट्यावर येऊन उभे राहिले. आळीत माणसं होती, पण त्यांच्या नजरेला नजर कुणी देईना. तेव्हा त्यांना समजलं. नाव न दिलेला आळीतला माणूस एकच होता आणि तो ओट्यावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी ठराव मंजूर झाला, फार मोठ्या फरकाने.

भालेराव त्याच संध्याकाळी आंबेवळणला आले. त्यांनी मृण्मयीबाईंच्या हातात आपलं सहीचं पत्र ठेवलं: उठवल्या जाणाऱ्या माणसाची झळ त्याच्या जाण्यानंतर मोजली जात नाही, हा मोजणीतला दोष आहे. रोखाधिकार वापरायला याहून भक्कम कारण असू शकत नव्हतं. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपण नगराध्यक्ष असल्यासारखं वाटलं. एक सही केली की आळी वाचत होती. त्यांनी आदेशाचा मसुदा तयार करायला सांगितला.

मसुदा टाइप होत असतानाच ओवी आणि तिच्यामागे आळीतली पंचवीस-तीस माणसं दालनात आली.

“मॅडम, ठराव रोखू नका,” ओवी म्हणाली.

बाईंना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“तुम्ही रोखलात की शेड रद्द होणार,” ओवी सांगू लागली. “टॉवरवाले पुढच्या वर्षी पुन्हा ठराव आणतील. त्या वेळी आमचे आकडे अठ्ठावन्नवर चढायचे नाहीत. आम्ही जायला तयार होतो, हे आता नगरछायेला कळलंय. आम्हालापण कळलंय. कितीही रंग लावला भिंतींना, तरी ते काही आता लपत नाही. तुम्ही पुन्हा रोखाल का?”

“मी असेपर्यंत रोखेन.”

“आणि तुमची मुदत संपल्यावर?”

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आपलं पत्र पुन्हा वाचत बसले होते.

“तुमचं सगळं खरं आहे हो,” पोटफोडे हात जोडून म्हणाले. “आमच्यावर अन्यायच झालाय. पण तो आता दूर करू नका.”

ते गेल्यावर वडके आले. ते दालनाबाहेर थांबले होते, आळीबरोबर आत आले नव्हते.

“मॅडम, सही करा.”

“वडके, तुमची सगळी आळी नको म्हणून गेली. तुमची मुलगी नको म्हणतेय.”

“अधिकार तुमचा आहे ना? मग त्यांना काय विचारता?”

“लोकांना विचारल्याशिवाय नगरपरिषदेने काही ठरवायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. माइकवरून.”

“चुकलो!” वडके ओरडले. “बास? चुकलो म्हणतो मी. आता करा सही.”

मृण्मयीबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. लोकांची मंजुरी मोठी की आपला अधिकार मोठा, यावर त्या कितीतरी परिसंवादांत बोलल्या होत्या. तिथे लोक एका बाजूला असत आणि न्याय त्यांच्याच बाजूला असे. इथे न्याय एका म्हाताऱ्याबरोबर एकटाच उभा होता आणि ज्यांच्यासाठी तो करायचा ती माणसं हात जोडून नको म्हणत होती. पंधरवडाभर तो मसुदा टेबलावर पडून राहिला. बाईंनी तो फाडला नाही आणि सहीही केली नाही. मुदत संपली तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची शरमही वाटली.

सहा महिन्यांत आळी रिकामी झाली. तांबटांचं वसाहतीत बरं चाललं, असं म्हणतात. त्यांच्या शेड एकमेकींपासून लांब होत्या, त्यामुळे दिवसभरात कुणाचे ठोके कुणाला ऐकू येत नसत. ओवीने जाताना बापाला एकदाच विचारलं, “चलतोस?” वडके म्हणाले, “मी गेलो तर इथे मोजायला कोण उरेल?” ती यावर चिडली, कडाडून भांडली आणि टेम्पोत बसून निघून गेली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं.

भालेरावांना मात्र चैन पडेना. त्यांनी राज्यभर खटपट करून कलम दुरुस्तीचा प्रस्ताव आणला की जो घालवला जाईल त्याचंही मत धरावं. मोजणीच्या नियमात बदल करायचा तर तोही झळमतानेच, असं कायद्यात होतं. कधीकाळी हे कायद्याचं सर्वांत लोकाभिमुख वाक्य मानलं जाई.

प्रस्ताव घेऊन डॉक्टर आधी वडक्यांकडे आले. आळीत इतकी शांतता होती की त्यांना आपल्याच बुटांचा आवाज खटकत होता. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, मोठ्याने, एकेक वाक्य दोनदा.

“म्हणजे आम्ही जिंकू?” वडक्यांनी विचारलं.

“नाही. ज्यांना उठवलं गेलं ते गेलेत, म्हणून त्यांचे झळांक शून्य. ज्यांना पुढे उठवलं जाईल ते जाणार असं नगरछायेला दिसतंय, म्हणून त्यांचे दोन-तीन. उरले ते राहणारे. त्यांना हे कलम आहे तसंच सोयीचं आहे.”

“आणि माझा किती?”

“शंभर. राज्यात एकट्या तुमचाच शंभर आहे. झळ रोज बसतेय आणि तुम्ही हलणार नाही, याबद्दल तिला आता जराही शंका नाही.”

वडक्यांनी मान डोलावली. मतदानाच्या दिवशी त्यांनी धुतलेले कपडे घातले आणि ओट्यावर बसून ‘मंजूर’वर बोट ठेवलं.

प्रस्ताव पडला. चाळीस किलोमीटरवर ओवीनेही ‘मंजूर’ असंच मत दिलं होतं. तिचं वजन शून्य भरणार हे तिला आधीच कळवलं होतं, तरी कामावरून उठून, हात धुऊन तिने ते दिलं. निकालपत्रकात शून्य वजनाची मतं दाखवत नाहीत, त्यामुळे वडक्यांना ते कधीच कळलं नाही.